खुर्चीची गवसणी

गेल्या पावसाळ्यात आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई आठवडाभर रजेवर होत्या आणि आठवीचा त्यांचा तास माझ्या वाट्याला आला. मी शिवणाची शिक्षिका. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. (मॅट्रिकला आता दहावी म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण आमच्या घरात अजून मॅट्रिकच म्हणतात.) पुढे शिवणकामाची परीक्षा दिली आणि शाळेत लागले. मधल्या काळात दोन-तीन कादंबऱ्या लिहून झाल्या, त्यामुळे मराठीचा तास म्हणजे माझ्या हातचा मळ, असा आमच्या मुख्याध्यापकांचा समज झाला आहे.

त्या दिवशी वाक्प्रचार होते. फळ्यावर मी 'आकाशाला गवसणी घालणे' असे लिहिले आणि वाक्यात उपयोग करायला सांगितला. निम्म्या वर्गाने कल्पना चावलाला आकाशाला गवसणी घालायला लावली, उरलेल्या निम्म्याने ते काम शिवाजी महाराजांवर सोपवले. वह्या तपासून होत आल्या तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, पण गवसणी म्हणजे काय?"

मी सांगितले, एखाद्या वस्तूच्या मापाने शिवलेले, घालता-काढता येईल असे वस्त्र. तंबोऱ्याला घालतात. पण त्या वर्गात तंबोरा पाहिलेली एकही मुलगी नव्हती. मग म्हटले, अगं, खुर्चीला घालतात ना, तशी.

"म्हणजे चेअर कव्हर!" ती म्हणाली आणि सगळा वर्ग हसत सुटला. आकाशाला चेअर कव्हर घालायचे, ह्या कल्पनेने त्या पोरी तास संपेपर्यंत खिदळत होत्या. मीही हसले. पण घरी येताना तो शब्द डोक्यातून जाईना. कारण आमच्या घरात एक खरीखुरी गवसणी आहे, आईच्या हातची, खुर्चीची, आणि ती बत्तीस वर्षे ट्रंकेत पडून आहे.

गंमत पाहा. झाकायच्या कापडासाठी मराठीत शब्दांना तोटा नाही. उशीला अभ्रा, गादीला आणि लोडाला खोळ, गलेफ तर कशालाही. ह्यातला अभ्रा फार्सीतून आला. दुहेरी कपड्याच्या वरच्या पदराला त्या भाषेत अब्रा म्हणतात आणि आतल्या पदराला अस्तर. अस्तर आपल्याकडे अस्तरच राहिले, अब्रा मात्र उशीवर जाऊन बसला. पण हे सगळे शब्द जमिनीवरच्या बैठकीचे आहेत. खुर्चीच्या कापडाला आपल्याकडे स्वतःचा असा शब्दच नाही, कारण खुर्चीच आपल्या घरात उशिरा आली. तो शब्दही मूळचा अरबी. कुर्सीची आपण खुर्ची केली.

आमच्या घरात ती आली १९९३ साली. तेव्हा मी तेरा वर्षांची होते. साताऱ्यात दोन खोल्यांचे बिऱ्हाड होते आणि अण्णा एका छापखान्यात खिळे जुळवायच्या कामावर होते. घरात बसायला सतरंजी, जेवायला पाट. त्या वर्षी ताईला बघायला पुण्याची मंडळी येणार असे ठरले, आणि मुलाच्या वडिलांचे गुडघे दुखतात, त्यांना खाली बसता येत नाही, असा आधीच निरोप आला. अण्णांनी भंगारवाल्याकडून एक लोखंडी खुर्ची आणली. नळीची चौकट, पत्र्याची बैठक, हात नाहीत. बैठकीच्या कडांना गंज चढलेला होता. आईने तो विटेच्या तुकड्याने घासला, रॉकेलच्या बोळ्याने पुसला आणि दोन पावले मागे जाऊन खुर्चीकडे पाहत राहिली. मग काही न बोलता ट्रंकेतून तिने आपले हिरवे इरकली लुगडे काढले.

ते लुगडे मधोमध विरले होते, पण काठ शाबूत होते. पंधरा वर्षांच्या धुण्याने त्याला असा मऊपणा आला होता की हातात धरले तर ओघळून जाई. आता असे मऊ कापड शिवायला सर्वांत कठीण. कात्रीखाली सरकते, तिरपे ताणले जाते, आणि पत्र्यावर नुसते टाकले तर पत्र्याचा आकार लपण्याऐवजी उठूनच दिसतो. आईने त्याला आतून मांजरपाटाचे अस्तर लावायचे ठरवले आणि ते अस्तर आदल्या दिवशी पाण्यातून काढून ठेवले, म्हणजे पुढे आटून वरच्या कापडाला चुण्या पडायला नकोत. मग तिने कापड उलटे करून खुर्चीवर टाकले, टाचण्या लावून ते खुर्चीच्या अंगाशी बसवले आणि साबणाच्या वाळक्या चिपेने खुणा केल्या. तिने मोजपट्टी घेतलीच नाही. उभा धागा पाठीवर सरळ आला आहे ना, एवढे मात्र ती पुन्हा पुन्हा पाहत होती. पाठ आणि बैठक मिळते तिथे तिने चार बोटे कापड जास्त ठेवले आणि ते फटीत खोचले. हा दाब ठेवला नाही तर माणूस बसताच पाठीची शिवण उसवते, हे आज मी वर्गात शिकवते. आईला ते कोणी शिकवले होते देव जाणे. खाली झालरीला लाल काठ आणि मागे बांधायला चार नाड्या. शेजारच्यांचे हातमशीन आणून दोन रात्रींत तिने हे सारे केले. सकाळी आम्ही उठून पाहिले तर खोलीत एखादी सवाष्ण हिरवे लुगडे नेसून पाठमोरी बसावी, तशी ती खुर्ची दिसत होती.

पाहुणे आले, पोहे झाले, चहा झाला. मुलाचे वडील खुर्चीवर आरामात बसले. निघायच्या वेळी मुलाची आत्या मात्र खुर्चीपाशी थांबली. तिने झालर दोन बोटांनी उचलून आत पाहिले, परत सोडली आणि हसून म्हणाली, "वरून झाकलंय हो छान!"

ते स्थळ जमले नाही. पत्रिकेचे कारण आले. ताई पुढच्या वर्षी कऱ्हाडला दिली आणि ती सुखात आहे. पण आईने त्याच रात्री नाड्या सोडल्या, गवसणीची घडी करून ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि परत काढली नाही. ती खुर्ची आम्ही पुढे कितीतरी वर्षे उघडीच वापरली. मला पुष्कळ दिवस वाटत आले की खुर्ची झाकण्यात आईचे काही चुकलेच असावे. शिवणाच्या निमित्ताने कापडाचा इतिहास वाचू लागले तेव्हाही मनाच्या तळाशी तोच प्रश्न होता. खुर्चीला कापड घालायची ही चाल मुळात कोणी, आणि कशासाठी, काढली?

ती चाल साहेबाची. पण साहेबाच्या घरी तिची रीत आपल्या नेमकी उलटी होती. अठराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये मोठ्या घरांतल्या खुर्च्या रेशमाने, मखमलीने किंवा बारीक सुईकामाच्या कापडाने मढवलेल्या असत. हे मढवण लाकडाला खिळ्यांनी ठोकलेले, म्हणजे ते काढून धुता यायचे नाही. बरे, उन्हाने रेशीम विटणार, विस्तवाच्या काजळीने काळे पडणार. म्हणून त्यावर साध्या चौकड्याच्या सुती किंवा तागाच्या कापडाची, नाही तर सर्जाची, सैल गवसणी घालून ठेवत. थॉमस चिपेंडेल हा तिथला फार नावाजलेला फर्निचरवाला. १७५४ साली त्याने नमुन्यांचे मोठे पुस्तकच काढले होते. त्याच्या गिऱ्हाइकांच्या बिलांत खुर्च्यांच्या किमतीबरोबर ह्या गवसण्यांची रक्कमही लावलेली सापडते. खुर्ची घरी यायची तीच आपले साधे वस्त्र बरोबर घेऊन. एरवी घरची माणसे त्या चौकड्यावरच बसत. कोणी बडा पाहुणा यायचा झाला की नोकर गवसण्या उतरवत आणि आतले रेशीम उघडे पडे. पाहुणा गेला की पुन्हा चौकडा. घरची मंडळी गावाला गेली तर सगळा दिवाणखाना कोऱ्या जाड कापडाखाली झाकून ठेवत.

थोडक्यात म्हणजे त्यांची खुर्ची भारी आणि गवसणी हलकी. ती पाहुण्यासाठी निघायची. आमच्या आईची खुर्ची हलकी आणि गवसणी तिच्या परीने भारी. ती पाहुण्यासाठी चढली.

साहेबाची ही गवसणी साध्या चौकड्यावरून फुलांच्या कापडावर गेली त्यात मात्र आपला हात आहे, आणि ती हकीकत मोठी रंगतदार आहे. आपण ज्याला चीट म्हणतो ते छापील किंवा हाताने रंगवलेले सुती कापड इंग्रज, डच आणि फ्रेंच कंपन्यांनी सतराव्या शतकात जहाजे भरभरून युरोपात नेले. मूळ शब्द छींट, म्हणजे शिंतोडा, ठिपका. इंग्रजांनी त्याचे अनेकवचन केले आणि मग तेच एकवचन समजून 'चिंट्झ' म्हणू लागले. कोरोमांडलच्या किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणच्या आसपास, हे काम फार नाजूक होई. आधी कापड हिरड्याच्या आणि म्हशीच्या दुधाच्या पाण्यात बुडवायचे, मग कलमाने तुरटीचे पाणी जिथे लाल हवे तिथे रेखायचे, मग मुळांच्या लाल रंगात उकळायचे. तुरटी जिथे लागली असेल तिथेच रंग धरतो, बाकीचा धुऊन जातो. निळीसाठी पुन्हा वेगळा खटाटोप. जिथे निळे नको तिथे मेण लावायचे. ह्या साऱ्या उपद्व्यापाचे फळ असे की ते कापड कितीही धुतले तरी विटत नसे. युरोपातल्या रंगाऱ्यांना सुती कापडावर इतका पक्का रंग तेव्हा साधत नव्हता. आणि गवसणीच्या कापडाला ह्याहून दुसरा गुण काय हवा? धुवायचे, वाळवायचे, पुन्हा घालायचे. शिवाय लोकरीपेक्षा हलके आणि अंगाला मऊ.

ते लोकांना इतके आवडले की तिकडच्या विणकरांच्या पोटावर पाय आला. रॉबिन्सन क्रूसोचा लेखक डॅनियल डीफो ह्याने १७०८ साली आपल्या पत्रात ह्याबद्दल चांगलाच त्रागा केला आहे. हे हिंदुस्थानी कापड आमच्या घरांत, अगदी निजायच्या खोल्यांत घुसले, पडदे, उशा, खुर्च्या, शेवटी बिछानेदेखील त्याचेच झाले, असा त्याचा सूर आहे. खुर्च्यांचे नाव तो मुद्दाम घेतो हे मला वाचताना फार गोड वाटले. फ्रान्सने ह्या कापडावर १६८६ सालीच बंदी घातली होती आणि ती १७५९ पर्यंत उठली नाही. इंग्लंडने १७०० साली कायदा करून रंगीत सुती कापडाची आयात थांबवली. पण कोरे कापड येतच राहिले आणि ते लंडनमध्ये छापून विकू लागले. १७१९ साली तिथल्या विणकरांनी दंगे केले, आणि चिटाचे झगे घालून रस्त्याने जाणाऱ्या बायकांच्या अंगावरचे कपडे फाडले. बाजारातला राग बाईच्या पदरावर निघतो, तो असा. शेवटी १७२१ साली नवा कायदा झाला. नुसते अंगावरचे कपडेच नव्हेत, तर घरातल्या सामानालाही छापील सुती कापड वापरायचे नाही, असे त्यात स्पष्ट घातले होते. १७२२ च्या नाताळापासून तो अमलात आला. म्हणजे त्या दिवसापासून इंग्लंडात खुर्चीला चिटाची गवसणी घालणे हा गुन्हा ठरला!

हा कायदा १७७४ साली उठला, पण तो विलायतेत बनणाऱ्या सुती कापडापुरता. हिंदुस्थानी चिटाची वाट अडवलेलीच राहिली. त्याचा फटका डेव्हिड गॅरिक ह्या त्या काळच्या सर्वांत मोठ्या नटाला बसला. गॅरिकने कलकत्त्याच्या नाटकगृहाला मदत केली होती, तिची आठवण म्हणून तिथल्या व्यापाऱ्यांनी त्याच्या बायकोला मच्छलीपट्टणच्या चिटाचे पलंगाचे पडदे पाठवले. १७७५ साली जकातवाल्यांनी ते जप्त केले. गॅरिकने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला पत्र घालून रदबदली केली. त्या पत्रात बायकोच्या दुःखाचे वर्णन मोठे नाटकी आहे. तिने म्हणे त्या कापडाला शोभतील अशा खुर्च्या आणि भिंतींचा कागदसुद्धा तयार करून ठेवला होता. तो पलंग आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात आहे. एवढी मोठी माणसे, पण पाहुण्यांनी आपली खोली कशी पाहावी ह्याची धडपड तीच, आमच्या साताऱ्याच्या दोन खोल्यांतली.

आपल्याकडे त्याच काळात काय होते? १७९० साली पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव पेशव्यांशी इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट ह्याने तह केला. त्या प्रसंगाचे एक प्रचंड चित्र आहे. जेम्स वेल्स ह्या चित्रकाराने त्यासाठी चेहरे टिपले आणि त्याच्या मृत्यूनंतर थॉमस डॅनियलने ते १८०५ साली पुरे केले. त्यात सारा दरबार बिछायतीवर बसलेला आहे आणि साहेबही बिछायतीवरच, घट्ट तुमानीत पाय कसेबसे दुमडून. बैठकीची आपली रीत ही अशी होती. खाली सतरंजी, वर पांढरी स्वच्छ चादर, लोड-तक्क्यांना पांढरे गलेफ. कीर्तन असो, लग्न असो, गावकीची बैठक असो, पाहुणे यायचे म्हणजे ट्रंकेतली परीटघडी निघायची. रोजचा तक्का तेलकट-मळकट का असेना, पाहुण्याच्या पाठीला पांढरे कापड लागले पाहिजे. मला वाटते, आईने खुर्चीला लुगडे शिवले ते ह्या रीतीने. साहेबाची रीत तिला कुठून ठाऊक असणार?

पुढे राज्य गेले आणि खुर्ची आली. मुंबईत शिसवी लाकडाच्या, कोरीव नक्षीच्या खुर्च्या होऊ लागल्या. त्यांची बैठक उकाड्यामुळे वेताने विणत. खुर्चीबरोबर तिचा मानही आला. साहेबासमोर खुर्चीवर बसायचा अधिकार कोणाचा आणि उभे कोणी राहायचे, ह्याच्या याद्या असत. उत्तरेत तर 'कुर्सीनशीन' हा मानाचा दर्जाच होता. पण बसण्याचा मान साहेबानेच ठरवला असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही. आमच्याच साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा वर्गाच्या कोपऱ्यात गोणपाटाच्या तुकड्यावर बसत असे. तो तुकडा शाळेचा झाडूवालाही शिवत नसे. म्हणून मुलाने तो संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवले आहे. बसायच्या कापडाचा इतिहास लिहायला बसले तर चिटाच्या आणि रेशमाच्या शेजारी तो गोणपाट ठेवावाच लागतो. मी साताऱ्यात शिकले, तिथेच शिकवते. वर्गात मुली चटया गोळा करून कोपऱ्यात रचतात तेव्हा मला दर वेळी त्याची आठवण होते.

कचेऱ्यांत खुर्चीच्या कापडाने आणखी एक रूप घेतले. एकोणिसाव्या शतकात विलायती पुरुष केसांना मकासर तेल चोपडत. हे तेल रोलँड नावाच्या केशकर्तनवाल्याने लोकप्रिय केले आणि त्याला नाव पडले ते पूर्वेकडच्या सुलावेसी बेटावरच्या मकासर बंदरावरून. त्या तेलाचे डाग खुर्चीच्या पाठीवर पडू नयेत म्हणून बायका पाठीवर विणलेला रुमाल टाकू लागल्या, आणि त्या रुमालाचे नावच तेलाच्या विरोधातले पडले, 'अँटिमकासर'. आपल्याकडे तो क्रोशाचा होऊन आला. माझ्या पिढीपर्यंतच्या बायकांनी असे किती रुमाल विणले असतील! सरकारी कचेरीत त्याच जागी पांढरा टॉवेल बसला. पाठीवर टॉवेल असलेली खुर्ची दिसली की तिच्यावर साहेब बसतो, हे चपराशालाच नव्हे, कामाला आलेल्या खेडुतालाही न सांगता कळते. तेलाचे डाग कधीच इतिहासजमा झाले, टॉवेल मात्र अजून बऱ्याच ठिकाणी आहे.

ह्या अवधीत खुर्ची मात्र स्वस्त होत गेली. १८५९ साली मायकेल थोनेट ह्या कारखानदाराने वाफेवर वाकवलेल्या लाकडाची एक खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढाच तिचा संसार. सुट्या भागांत बांधल्या तर छत्तीस खुर्च्या एक मीटर लांब-रुंद-उंच खोक्यात मावत. त्या जातीच्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या मुंबईच्या इराण्यांनी आपल्या हॉटेलांत मांडल्या. गवसणीची कटकट नाही, ओल्या फडक्याने पुसली की झाले. मग १९७२ साली आंरी मासोने ह्या फ्रेंच इंजिनियराने प्लॅस्टिकची अख्खी खुर्ची एकाच साच्यातून काढली. दोन मिनिटांच्या आत एक. तिची भावंडे आज जगभर आहेत आणि आपल्या ओसरीवर, शाळेत, दवाखान्यात, प्रेतयात्रेला आलेल्या माणसांसाठी अंगणात, सगळीकडे तीच आहे. स्वित्झर्लंडातल्या बाझेल शहराने २००८ पासून २०१७ पर्यंत सार्वजनिक जागांवर ह्या खुर्च्यांना मनाई केली होती, शहराची शोभा जाते म्हणून. मला हे वाचून त्या आत्याबाईंची आठवण झाली.

आणि ह्या सर्वांत स्वस्त खुर्चीनेच गवसणीला परत मानाने बोलावून आणले. आजकाल कोणत्याही मंगल कार्यालयात जा. तीच प्लॅस्टिकची खुर्ची, पण अंगात ताणून बसणारे पांढरे कापड आणि पाठीवर साटिनचा मोठा फुगा बांधलेला. शंभर-शंभर खुर्च्या एका वेषात. मुलाकडचा असो की मुलीकडचा, सगळे पाहुणे त्याच कापडावर बसतात. झालर उचलून आत कोणी पाहत नाही, कारण आत काय आहे ते सर्वांनाच ठाऊक आहे.

त्या वाक्प्रचाराच्या तासानंतर आठवड्याने मुलींनी हट्ट धरला, बाई, आपण खरी गवसणी शिवू या. म्हणून नमुना दाखवायला मी ट्रंकेतली गवसणी काढली. हिरवा रंग थोडा फिका झाला होता, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, पण एकही शिवण सुटली नव्हती. उलटी करून पाहिली तर आतल्या दाबाच्या कडा आईने हाताने, काजासारख्या टाक्याने, बांधून घेतल्या होत्या. बाहेरून कधीच न दिसणारे काम.

आई आता सत्तरीपुढे आहे. मी गवसणी घेऊन बाहेर आले तेव्हा ती ओसरीवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत वाती वळत बसली होती. तिने पाहिले, पण काही बोलली नाही. मग मीच तिला इंग्लंडची हकीकत सांगितली. भारी खुर्च्या, वर चौकडा, पाहुणे आले की उतरवायचा.

"आणि घरच्यांनी रोज कशावर बसायचं?" तिने विचारले.

"चौकड्यावर."

"मग रेशमाची खुर्ची करायची कोणासाठी?"

ह्याचे उत्तर चिपेंडेलच्या बिलांत काही सापडत नाही. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने ती उठली, खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाली, "घालून तर बघ."

लोखंडी खुर्ची अंगाने बारीक होती, ही पाठीला रुंद आणि वर दोन हात. हातांसाठी बाजूच्या शिवणी उसवाव्या लागणार आणि पाठीला दोन बोटे कापड कमी पडते आहे. आईने पाठीवरून हात फिरवला, झालर उचलून आतली शिवण चाचपली.

"पाठीला जोड दे," ती म्हणाली. "लुगड्याचा उरलेला तुकडा ट्रंकेत आहे. पण काठाकडून घे. पदर विरलाय."

मी कात्री आणायला आत गेले.